मॉस्कोचा राखणदार टेंभुर्णीच्या देव्हाऱ्यात

देवाला कमरेच्या खाली धरायचं नाही, कातड्याला लावायचं नाही आणि कुणाच्या पायाशी ठेवायचं नाही, असे आमच्या मायचे तीन कायदे. हे तिन्ही कायदे मी अक्षरशः पाळले आणि त्यामुळेच आमचा देव हरवला.

देव म्हणजे टाक. बोटभर उंचीचा चांदीचा पत्रा, त्यात ठोकून ठोकून देव उठवलेला. आमच्या टाकात घोड्यावर खंडोबा, मागं म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. आमचे खापरपणजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे तेव्हा हा टाक म्हणे त्यांच्या पागोट्यात बांधलेला असायचा. पिढ्यान्‌पिढ्या हळदीचे अंगठे लागून देवाचं नाकडोळं पार झिजलं होतं. घोडा तेवढा ठसठशीत राहिला होता.

"देव लई काळा पडला रे," माय एकदा म्हणाली. "सुट्ट्या लागल्या ना तुझ्या? मंग जालन्याला जाय अन्‌ सराफ्यातून उजळून आण. अन्‌ बराबर ने. तुझं ध्यान ठिकाणावर नसतं."

मी टेंभुर्णीहून सकाळची एसटी धरली आणि बसल्याबसल्या प्रश्न पडला, देव ठेवायचा कुठं? पँटीचा खिसा कमरेच्या खाली. बॅग कातड्याची. शर्टाच्या खिशात मोबाइल, त्याचं कव्हर कातड्याचं. (ते रेक्झिनचं होतं हे मला पुढं एका पावसात कळलं, पण तोवर देव गेला होता.) हातात धरावा, तर मी खिडकीशी बसलो की पाच मिनिटांत झोपतो आणि झोपेत हात मांडीवर येतो. मांडी कमरेच्या वर धरायची की खाली, यावर मी दोन थांबे विचार केला. शेवटी मला गाडीतली सगळ्यात उंच आणि सगळ्यात सोवळी जागा दिसली. डोक्यावरचं सामानाचं रॅक. रुमालात बांधलेला देव मी तिथं ठेवला, खालून नमस्कार केला आणि निर्धास्त झोपलो.

जालन्याला कंडक्टरनं हलवून उठवलं. "मास्तर, उतरता का संभाजीनगर दाखवू?" मी बॅग घेऊन उडीच मारली. सराफ्यात सोनारानं "आणा" म्हणून हात पुढं केला, तेव्हा त्या हातावर मी मोबाइल ठेवला. खिशात तेवढंच होतं.

परत स्टँडकडं पळालो. चौकशीच्या खिडकीत एक साहेब चहा ढवळत बसले होते.

"काय हरवलं?"

"देव."

"कोणता?"

"खंडोबा."

"सोबत कोण होतं?"

"म्हाळसा. अन्‌ कुत्रा."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "कुत्र्याचं तिकीट काढलं होतं?"

मी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी नीट लिहूनही घेतलं. पण ती गाडी पुढं गेली, तिथून आणखी पुढं गेली, रुमाल कुणाला सापडला नाही. मी त्या आठवड्यात तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी मला लांबूनच पाहिलं आणि मान हलवली.

घरी मायला काय सांगितलं? "सोनारानं आठ दिवसांनी बोलावलंय."

आता, देव हरवणं वाईटच. पण मी एवढा हादरलो त्याचं कारण निराळं होतं. माझा धाकटा भाऊ.

धाकटा जालन्यात एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यानं आपल्या मनानं, दुसऱ्या समाजातल्या पोरीशी लग्न केलं. माय रडली नाही, ओरडली नाही. देव्हाऱ्यापुढं बसून वात सारखी केली आणि म्हणाली, "कर. सुखानं राह्य. पण माझा देव तुझा उंबरा ओलांडणार न्हाई."

झालं. तेव्हापासून धाकटा दिवाळीला एकटा यायचा, जेवायचा आणि शेवटची गाडी धरायचा. मायला "चल ना एकदा" म्हणायचा. मायचं उत्तर ठरलेलं, "देवाला रोज पाणी लागतं. देव सोडून मी कशी येऊ?" म्हणजे देव जाणार नाही आणि देवासाठी माय जाणार नाही. सगळी किल्ली त्या बोटभर पत्र्यात. कधीतरी मायचं मन वळेल, ती स्वतःच्या हातानं देव उचलून धाकट्याच्या ओंजळीत देईल, या आशेवर तो पोरगा वर्षानुवर्षं दिवाळी करून राहिला होता. आणि ती किल्ली मी रॅकवर ठेवून झोपलो होतो.

आठव्या दिवशी काय न्यायचं घरी? मी रात्रंदिवस घरात येरझारा घालत होतो. पाचव्या दिवशी येरझारा घालताना लोखंडी कपाटासमोर थबकलो. कपाटावर खंडोबा होता.

म्हणजे खंडोबा नव्हता. माझी आईवेगळी मुलगी मॉस्कोला डॉक्टरकी शिकते. मागच्या सुट्टीत येताना तिनं माझ्यासाठी एक चुंबक आणलं होतं. ढालीच्या आकाराचं, चंदेरी, बोटभर उंच. त्यावर घोडा, घोड्यावर स्वार, स्वाराच्या हातात भाला आणि घोड्याच्या पायाशी पंखवाला सरडा.

"पप्पा, हे त्या शहराचं चिन्ह," ती म्हणाली होती. "संत जॉर्ज. ख्रिश्चन लोकांचा संत आहे. शहराचा रक्षक. तिथं जिकडं पाहाल तिकडं हाच. पुलाच्या कठड्यावर, सरकारी दारांवर, जुन्या नाण्यांवरसुद्धा."

मी शाळेत भूगोल शिकवतो. 'मॉस्को ही रशियाची राजधानी' हे वाक्य मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली, पोरांकडून पाच पाच वेळा लिहून घेतलं. त्या गावाच्या वेशीवर कोण उभा आहे हे मला माझ्या पोरीनं सांगितलं. "असं का?" म्हणून मी ते चुंबक विजेच्या बिलावर चिकटवून टाकलं होतं.

आता मी बिल खाली पाडलं आणि चुंबक घेऊन शाळेच्या नकाशाखोलीत गेलो. आतून कडी लावली. सुट्टीच होती, तरी लावली. सुताराची कानस आणली होती. आधी खालची तिकडची अक्षरं घासली. मग सरड्याचे पंख घासले. पंख गेले, शेपूट थोडं आखूड झालं आणि सरड्याचा कुत्रा झाला. खूप चांगला कुत्रा नाही झाला, पण आमच्या गल्लीत याहून वाईट आहेत. पाठीमागचं चुंबक मात्र निघेना. सुरी घातली तर सुरीचं टोक मोडलं आणि अंगठ्याला लागलं. तेव्हा मी त्यावर शाळेची लाल लाख वितळवून लावली, अंगठ्याला चिंधी बांधली आणि आठव्या दिवशी संत जॉर्जला रुमालात घेऊन घरी आलो. शर्टाच्या खिशातून. कमरेच्या वर.

मायला तेव्हा मोतीबिंदू होता. तिनं बोटांनी चाचपलं. "जड झाला की रे."

"उजळल्यावर होतो," मी म्हणालो.

तिनं हळद लावली, भंडारा वाहिला, हात जोडले आणि रोजचं मागणं मागितलं, "देवा, माझी नात लांब परक्या मुलुखात हाये. तिला सांभाळ."

मी मागच्या मागं अंगणात गेलो आणि रांजण भरलेला असताना पाणी शेंदायला लागलो.

त्यानंतरचं दीड वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. मी एका जागी बसलो तर शपथ. माय देव्हाऱ्याकडं निघाली की मी काहीतरी काम काढून आडवा यायचो. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की फोन असा धरायचो की तिला फक्त छत दिसावं. "पप्पा, पंखा किती वेळ दाखवणार? आजीला द्या ना फोन." माय म्हणायची, "अगं तिला देव तरी दाखव, तिथं कुठं देव दिसणार तिला?" तिथं तिला रोज कॉलेजच्या रस्त्यावर दिसत होता, पण हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

एकदा मायची सेफ्टी पिन हरवली. घरभर शोधली. दुसऱ्या दिवशी पूजेला बसली आणि एकदम हाक मारली, "इकडं ये जल्दी!" पिन देवाच्या बरगडीला चिकटून उभी होती. "माझी पिन देवानं धरून ठेवली," माय म्हणाली. तिनं ते चार घरी सांगितलं. चार बाया पाहायला आल्या. मी त्या दिवशी शाळेत दोन तास आधी गेलो.

मग मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जालन्याला. आणि इथं दोन गोष्टी एकदम झाल्या. एक चांगली, एक माझ्यासाठी वाईट.

चांगली ही की दवाखान्यात धाकट्याची बायको रोज दोन वेळा डबा घेऊन यायची. बोलायची कमी. डोळ्यात थेंब टाकायच्या आधी हात धुवायची आणि "आई, वर पाहा" एवढंच म्हणायची. चौथ्या दिवशी माय मला म्हणाली, "हिच्या हाताला चव हाये." एवढंच. पण नऊ वर्षांत तिच्याविषयी निघालेला तो पहिला शब्द होता.

वाईट ही की मायला आता लख्ख दिसायला लागलं. घरी आल्यावर तिनं देव हातात घेतला, उजेडात धरला.

"देव तरुण दिसून राह्यला."

"उजळलाय ना."

"म्हाळसा कुठं गेली?"

"सोनारानं जास्तच घासला माय. घासली गेली."

"अन्‌ हातात तर तलवार होती."

"ती लांब झाली."

मायनं माझ्याकडं पाहिलं. नव्या डोळ्यांनी. मग देव ठेवला. मला त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढच्याही.

आणखी एक काळजी खायला लागली. आपला देव हरवला ते हरवला, पण हा दुसऱ्यांचा संत आपण हळदीत घोळून ठेवलाय, त्याचं काय? जालन्यात एक जुनं चर्च आहे. एका शनिवारी मी तिथं गेलो. फादर झाडांना पाणी घालत होते. नगरकडचे असावेत, मराठी माझ्याहून शुद्ध.

"समजा," मी म्हणालो, "माझ्या एका मित्रानं..."

"बसा," फादर म्हणाले. "मित्राच्या अंगठ्याला काय लागलंय?" सुरीच्या जखमेचा वण अजून होता. मी सगळं सांगितलं.

फादर हसले नाहीत याचं मला बरं वाटलं. मग ते हसले. पाण्याचा पाइप हलून माझा बूट भिजला. म्हणाले, "हा सैनिक होता. गावाला त्रास देणारा ड्रॅगन मारला अशी कथा आहे. किती शहरांनी त्याला आपला राखणदार मानलंय. संत काही एका वेशीचा नसतो."

"म्हणजे आमचा वेशीवरचा मारुती?"

"तसं धरा."

"त्याला भंडारा लावला तर पाप कुणाला लागतं? मला का मायला?"

"तुमची आई देवाजवळ काय मागते?"

"परदेशातल्या नातीला सांभाळ म्हणते."

"कोणत्या गावात आहे नात?"

"मॉस्को."

फादरनी नळ बंद केला. "अर्ज तर बरोबर कचेरीत गेलाय," ते म्हणाले. "आईला खरं सांगा. संताची काळजी करू नका, तो यापेक्षा मोठ्या संकटातून गेलाय."

मी सांगणारच होतो. त्या रविवारी, मग पुढच्या रविवारी. तेवढ्यात धाकट्याचं जालन्यात घर बांधून झालं. आणि मायनं आपण होऊन मला सांगितलं, "त्याला म्हणावं, वास्तूला देव न्यायला ये. जोडीनं ये."

फोनवर हे सांगितलं तेव्हा धाकट्यानं मला ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "दादा, ताट कसं आणू? तांब्याचं का स्टीलचं?" मी त्या गडबडीत म्हणालो, "काही पण आण." माझ्या आयुष्यातल्या चुकांची यादी केली तर हे दोन शब्द रॅकच्या लगेच खाली येतील.

ते दोघं सकाळीच आले. धाकट्याची बायको पहिल्यांदा आमच्या माजघरात बसली, डोक्यावर पदर, हातात ओटीचं सामान. धाकट्यानं नवंकोरं स्टीलचं ताट आणलं होतं, जाडजूड, मधोमध आरशासारखं. "कारखान्यात काम करतो अन्‌ देवाला हलकं ताट आणू का?" म्हणत त्यानं ते सगळ्यांना वाजवून दाखवलं. आमचे चुलते आले होते. शेजारचे दोघं आले. तळी उचलायला पाच जण लागतात, ते पुरे झाले.

मायनं देव ताटात ठेवला. *टक्‌* असा बारीक आवाज झाला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, कपाटावरचा.

भंडारा उधळला. पाच जणांनी ताट धरलं. "सदानंदाचा येळकोट!" तीनदा ताट वर गेलं, तीनदा खाली आलं. खोबरं घरंगळलं, सुपाऱ्या घरंगळल्या, देव जागचा हलला नाही. चुलत्यांच्या ते ध्यानात आलं. ते भुवया वर करून पाहायला लागले.

आता रीत अशी, की मायनं देव उचलून नेणाऱ्याच्या ओंजळीत द्यायचा. धाकट्यानं ओंजळ पुढं केली. मायनं दोन बोटांनी देव धरला.

देव उठेना.

तिनं पुन्हा धरला. बोटं हळदीनं बुळबुळीत, ती सटकली. तिसऱ्यांदा तिनं नखं लावली तर देवाबरोबर सगळं ताटच वर आलं. बाहेर खुडखुडणारी कोंबडी माजघरात ऐकू यायला लागली.

"राहू द्या वहिनी," चुलते हळूच म्हणाले. "देवाची मर्जी न्हाई दिसत."

मायचा हात तसाच राहिला. तिचा चेहरा मी पाहिला. तिला स्वतःलाच ते नको होतं. नऊ वर्षांपूर्वी बोललेला शब्द देवानं ऐकून ठेवला होता आणि आता तोच परत करून राहिला होता, असं तिला वाटलं असणार. धाकट्यानं ओंजळ मिटली. रिकामे हात पँटीला पुसले. "जाऊ दे माय," तो म्हणाला. "आम्ही असंच जातो. देव इथंच बरा हाये."

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या बायकोकडं गेलं. ती देवाकडं पाहत नव्हती. ओटीच्या सामानात मायसाठी आणलेली पिनांची पुडी होती, ती ताटाच्या कडेला पडून उघडली होती आणि त्यातल्या दोन पिना आपोआप सरकत सरकत देवाच्या बाजूला जाऊन चिकटल्या होत्या. ती त्या पिनांकडं पाहत होती. मग तिनं नजर उचलली आणि थेट माझ्याकडं पाहिलं.

तिला कळलं होतं. शंभर टक्के. घरात फ्रिज आहे, फ्रिजवर चार चुंबकं असतील, बाईमाणसाला काय कळत नाही? तिनं एक शब्द काढला असता तर सगळं मिटलं असतं. आणि तिनं काय केलं? हळूच हात पुढं करून त्या दोन पिना काढून घेतल्या आणि मुठीत लपवल्या. जेठाची अब्रू जाऊ नये म्हणून. देवानं आपल्याला झिडकारलं असं साऱ्या घरानं म्हटलं तरी चालेल म्हणून.

मी आयुष्यभर स्वतःला वाचवायला खोटं बोललो. मला वाचवायला दुसरं कुणी गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते मला सहन झालं नाही.

"हा देव न्हाई," मी ओरडलोच. "हे चुंबक हाये!"

कुणी दचकलंही नाही. चुलते मायेनं म्हणाले, "भावासाठी बोलून राह्यला बिचारा."

"अहो खरंच! आपला देव एसटीत राहिला. हा मॉस्कोचा संत हाये. मी याचे पंख घासले!"

"लहानपणापासून असाच हाये हा," माय म्हणाली. "अंगावर आलं की काहीतरी रचायचं."

म्हणजे बघा. दीड वर्ष खोटं बोललो, सगळ्यांनी विश्वास ठेवला. एकदा खरं बोललो तर कुणी ऐकेना. मी देवाच्या कडेला आलेली लाख उकरली, लाखेखाली काळं दिसलं, चुलते म्हणाले, "जुनी चांदी काळी पडतीच." शेवटी मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रविवारची पहाट. ती केस विस्कटलेली, डोळे चोळत आली. आणि दीड वर्षांत पहिल्यांदा मी छत न दाखवता फोन खाली केला.

"अय्या, माझं मॅग्नेट!" ती म्हणाली. "पप्पा, हे ताटात कशाला? हळद का लावली?" मग जवळ येऊन पाहिलं. "अन्‌ ड्रॅगनचे पंख कुठं गेले?"

माय भिंतीला टेकून खाली बसली.

"माझा देव कुठं हाये?"

"रॅकवर ठेवला होता माय. सगळ्यात उंच होतं म्हणून."

मी तिन्ही कायदे, मोबाइलचं कव्हर, मांडी, सोनार, सगळं सांगितलं. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ऑपरेशनचा डोळा आधी भरला. पागोट्यात बांधून आणलेला देव होता तो. तिची सासू तिच्या हातात देऊन गेली होती. मग तिनं फोनकडं तोंड केलं.

"बाई, हा तुझ्या गावात काय करतो?"

"शहर राखतो आजी. सगळ्या गावाचा रक्षक आहे तो."

"अन्‌ मी दीड वर्ष याला सांगून राह्यले, माझ्या नातीला सांभाळ म्हणून."

"मग सांभाळतोय की. मी नापास पण नाही झाले."

मायनं पदरानं नाक पुसलं. "मंग ऐकत व्हता म्हणायचा. परका असून."

इतका वेळ धाकटा ताटाकडंच पाहत उभा होता. तो खाली बसला, देव कडेला सरकवून पाहिला, उचकटून पुन्हा लावून पाहिला. *टक्‌.* "दादा," तो म्हणाला, "दुकानदार तर म्हणला होता एक नंबर स्टील हाये, चुंबक बिलकुल लागणार न्हाई." आणि एकदम त्याला हसू फुटलं. नऊ वर्षांचं. "म्हणजे देव रुसलाच न्हवता माय! ताट नकली निघालं!" चुलते हसले, शेजारचे हसले, फोनमध्ये पोरगी विचारत राहिली, "काय झालं? मला पण सांगा ना." त्याची बायको मात्र पदराच्या आत हसली आणि मुठीतल्या दोन पिना माझ्यापुढं जमिनीवर ठेवल्या. "दादा, तुमच्या," म्हणाली.

मी त्या अजून ठेवल्या आहेत.

हसणं थांबल्यावर धाकट्याला पुन्हा आठवलं. तो म्हणाला, "पण मंग आता वास्तूला न्यायचं काय?"

मायनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. टाकाची जागा रिकामी. रोज पाणी द्यायला तिथं कुणी नव्हतं. ते पाहायला तिला जरा वेळ लागला. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली. आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर ठेवणीतलं लुगडं आणि हातात पिशवी.

"चला," ती सुनेला म्हणाली. "आता मला कुणासाठी थांबायचंय? देव असता तर देव आला असता. आता तो न्हाई, तर मी येते."

धाकट्यानं पिशवी घेतली. उंबऱ्याशी माय वळली. "अन्‌ सोनाराला सांग, दोन टाक कर. सारखे. एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. आता कोणता जुना अन्‌ कोणता नवा?" मग माझ्याकडं बोट केलं. "पण आणायला मी जाईन. हा न्हाई."

"मी पण येतो की वास्तूला," मी म्हणालो.

"तू पाहुण्याला आंघोळ घाल. हळद निघू दे त्याची. अन्‌ मंग स्टँडवर जाय, इचार."

गाडी गेल्यावर मी संत जॉर्जला साबणानं धुतलं. हळद कोपऱ्याकोपऱ्यांत बसली होती, पूर्ण निघाली नाहीच. कपाटावर चिकटवला. बिल त्याच्याखाली लावलं नाही. घर रिकामं होतं, मी दोन फेऱ्या मारल्या, बसलो, उठलो आणि शेवटी सांगितलं तसं स्टँडवर गेलो. जालन्याची एसटी उभी होती. मी चढलो, पुढच्या सीटवर उभा राहून रॅकवर हात फिरवला. धूळ, एक रिकामी बाटली, कुणाचीतरी टोपी.

"मास्तर," कंडक्टर म्हणाला, "बसा ना. काय शोधून राह्यले?"

मी बसलो. गाडी हलली. हसनाबादच्या, भोकरदनच्या, कुठल्या कुठल्या गाड्या समोरून येत होत्या आणि प्रत्येकीच्या खिडकीतून मी वरच पाहत होतो.